व्याह्यांना शिकवलेली गोफण

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भंडारदऱ्याला गेलो. मुलगा, सून, सोळा वर्षांची नात, चौदा वर्षांचा नातू आणि मी. पोरं पुण्याला राहतात. माझ्या वाट्याला ती वर्षातून दिवाळीचे चार दिवस येतात, श्रीगोंद्याला, माझ्या घरी. त्या वर्षी मुलगा म्हणाला, डोंगरात जाऊ. बरं म्हणालो. पण सुनेनं वाटेत नगरहून तिच्या वडिलांनाही गाडीत घेतलं, म्हणजे माझ्या चार दिवसांतला निम्मा हिस्सा तिथंच गेला.

मी पुढच्या सीटवर बसलो, तो माझा मानच आहे. व्याही मागं, दोन्ही पोरांच्या मधे. घाट लागला तसा मागं हसण्याचा कालवा वाढत गेला. काय चाललंय ते वळून बघावंसं वाटत होतं, पण वळलो नाही. मानाच्या जागेवरून नुसता रस्ता दिसतो.

व्याही निवृत्त मास्तर. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. ऊस मात्र माझ्यासारखा लावून दाखवावा कुणी. पोरं मला 'आबा, तुम्ही' म्हणतात आणि त्यांना 'नाना, तू'. इतकी वर्षं मला त्या 'तुम्ही'चा अभिमान होता. त्या गाडीत पहिल्यांदा तो टोचला.

धरणाच्या काठाला दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथं मोबाईलला रेंज नव्हती. नातू भिंतीला टेकून बसला.

"आबा, इथं करायचं काय असतं?"

"डोंगर बघायचा."

"बघितला."

व्याह्यांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. "मेंढीकोट येतं का कुणाला? या व्याही, चौथा गडी कमी आहे."

आता पंचाईत बघा. आमच्या घरात मी पत्ते कधी शिरू दिले नव्हते. मुलाच्या लहानपणी त्याच्या हातातले पत्ते मी चुलीत घातले होते, आणि तो मुलगा समोरच बसलेला. मी म्हणालो, "आमच्यात चालत न्हाई." मग सून बसली. मी खाटेवरून बघत राहिलो. नात हुकूम लवकर टाकत होती. मला दिसत होतं, कारण तरुणपणी मी तालमीत बसून रात्री-रात्री हाच खेळ खेळलेला. पण बोलणार कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पिशवी उघडली. दिवाळीच्या आधी घरी बसून सुतळीची गोफण विणली होती, मुद्दाम या पोरांसाठी. ज्वारीच्या दिवसांत रानातल्या उंच माळ्यावर उभं राहून आम्ही तिच्यानं पाखरं हाकत असू. धरणाच्या काठाला जाऊन मी एक दगड भिरकावला. फाट्‌कन आवाज झाला नि दगड लांब पाण्यात पडला. नातू उठूनच उभा राहिला. "आबा! परत एकदा!"

नातीला नीट शिकवलं. एक टोक बोटात अडकव, दुसरं चिमटीत धर, डोक्यावर फिरव आणि वेळेला चिमटीतलं टोक सोड. तिचे चार दगड मागं पडले. पाचवा सरळ पाण्यात गेला. ती आनंदानं ओरडली आणि वळली, ती माझ्याकडं नाही.

"नाना, तू बघितलंस का?"

नाना बघतच होते. टाळ्या वाजवत पुढं आले. "व्याही, कमाल विद्या आहे. मलाही शिकवा."

मी शिकवली. "दोन्ही टोकं मुठीत गच्च धरा," म्हणालो, "आणि जोरात फिरवा. अजिबात सोडू नका." दगड मात्र बारका दिला, तेवढी अक्कल शाबूत होती. त्यांनी मास्तराच्या शिस्तीनं, मी सांगितलं तसंच केलं. दगड निसटला आणि त्यांच्याच घोट्यावर बसला.

दोन्ही पोरं धावली. नातीनं रुमाल भिजवून आणला, नातू मलम आणायला खोलीकडं पळाला. व्याही दगडावर बसून म्हणतात कसे, "शाळेतही माझ्यापासून फक्त मलाच धोका होता." सगळे हसले. मी गोफण हातात घेऊन उभा.

थोड्या वेळानं नात माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आबा, मला सांगितलं होतंत ना, एक टोक सोडायचं. नानाला उलटंच का सांगितलं?"

पन्नास वर्षांपूर्वी बांधाचा दगड कुठं होता ते मी आजही बोट ठेवून दाखवीन. पण खरं सांगितलं असतं तर पोरीची नजर झेलावी लागली असती. मी म्हणालो, "विसरलो पोरी. वय झालं आता."

तिला ते पटलं. मला वाटलं होतं, थोडी तरी शंका घेईल. उलट तिचा चेहराच मऊ झाला. त्या वेळेपासून "आबा, गोळी घेतली का?" तीनदा विचारून झालं. नातू माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागला, जसं काही कानही गेले. संध्याकाळी व्याही पाय उशीवर ठेवून पत्ते पिसत होते. नातीनं माझ्या अंगावर शाल घातली, "तुम्ही पडा जरा," म्हणाली आणि पळत डावाला जाऊन बसली. तिकडं हशा, इकडं शाल.

निघायच्या दिवशी सामान गाडीत चढत होतं. पायऱ्यांवर व्याह्यांनी मला एकट्याला गाठलं.

"व्याही, चिमटीतलं टोक सोडायचं असतं म्हणे. पोरीनं सकाळी दाखवलं. माझाही गेला एक पाण्यात."

"व्हय का," म्हणालो.

"घोटा बरा आहे," म्हणाले नि हसले. सगळं कळलं होतं त्यांना. पोरांपुढं मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एवढं मोठं मन देवानं माझ्याच व्याह्यांना कशाला द्यावं?

तेवढ्यात खालून नात ओरडली, "आबा, थांबा! एकटे उतरू नका, मी येते."

पायऱ्या मला चांगल्या दिसत होत्या. गुडघेही दुखत नव्हते. व्याही लंगडत, कठड्याला धरून एकटेच उतरत होते. नात त्यांना ओलांडून वर आली. मी थांबलो आणि तिच्या हातात हात दिला.