कुवेत किती दूर

ओसरी अर्धीच सारवून झाली होती, तेवढ्यात यष्टी आली आणि शकुनबाईच्या हातातलं पोतेरं तसंच राहिलं. सोमवारची गोष्ट. त्या दिवशी तिचा लेक खुशाल कुवेतला निघाला, वेल्डिंगच्या कामावर. सिहोरा गावातला विमानात बसणारा तो पहिलाच. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून बुधवारी संध्याकाळी विमान.

घरचं माणूस वाटेला लागलं की ते मुक्कामी पोचेस्तोवर घरात झाडू फिरवायचा नाही, सारवायचं नाही, ही सासूनं घालून दिलेली रीत. झाडलं तर जाणाऱ्याची वाट पुसली जाते म्हणे. शकुनबाईनं ती कधी मोडली नव्हती. तुमसरला गेलेलं माणूस घटकाभरात पोचतं, नागपूरला गेलेलं दुपार टळेस्तोवर. पण कुवेत?

तिचा नवरा गोपीचंद शाळेत जाऊन गुरुजींच्या नकाशावर दोरा लावून आला. मुंबईहून कुवेत सतराशे मैल, म्हणजे इथून मुंबई जेवढी, त्याच्या तिप्पट. मुंबईला जायला रेल्वेला एक रात्र न् एक दिवस लागतो. त्यानं विमानाला तीन दिवस धरले. खुशाल शनिवारी पोचणार. आणि धाकट्या लेकीला, रुखमाला, बघायला पाहुणे यायचे होते शुक्रवारी.

गुरुवार उजाडला. घरभर धानाचा कोंडा, उंबऱ्यात कोंबड्यांची घाण. शकुनबाई तुळशीला पाणी घालून आत येई, कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघे, पुन्हा बाहेर जाई. जपाला बसली तर मणी हातातून निसटत. लेकीचं बघावं की लेकाचं? धाकटी जाऊ सीताबाई भिंतीपलीकडून बोललीच, "पाहुण्यायले खुराड्यात बसवता काय, बाई?"

शेवटी गोपीचंदनं आंबागडच्या डोमाला बोलावून आणलं. डोमा दोन वर्षं कुवेतला राहून नुकताच सुटीवर आला होता. सगळं ऐकून तो हसला.

"तीन दिवस कायले, काकी? चार घंटे लागते. तुम्ही तुमसरहून यष्टीनं नागपूरले जाता ना, तेवढेच. खुशाल काल रातीच उतरला असन."

"घ्या, आता झाडा," सीताबाई म्हणाली.

शकुनबाईनं केरसुणी उचलली, पण वाकली नाही. काल दिवेलागणीनंतर ती तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात पोरगं समुद्र ओलांडून गेलंही! तिचं मन तर अजून मुंबईच्या स्टेशनावर त्याचा हात धरून उभं होतं.

"बाबू," तिनं हळूच विचारलं, "चारच घंट्याचा रस्ता हाये, तर दिवाळीले काहून येता येत नाही?"

डोमा मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिला. "पासपोर्ट सेठजवळ राहते, काकी. दोन सालं तो देत नाही."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. गोपीचंद बैलाच्या दाव्याची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. त्याला ठाऊक होतं तर.

ती वाकली. झाडायला लागली. कोंड्याचा असा धुरळा उठला की डोमा अंगणात जाऊन उभा राहिला. घर झाडून झालं, ओसरीपाशी ती थांबली. सोमवारी सारवलेल्या अर्ध्या भागाला भेगा पडल्या होत्या आणि टोपल्यातलं शेण वाळून कडक झालं होतं. पाहुणे उद्या सकाळी यायचे होते. टोपलं रिकामं करून तिनं कमरेवर घेतलं आणि शेजारच्या कृष्णरावांच्या गोठ्यावर गाईचं ताजं शेण आणायला निघाली.