भोंग्याची काळी चार

पाळण्यात असतानाच तिने असा काही गळा काढला होता की शेजारी दार वाजवून विचारायला आले, पोरीला झालंय तरी काय! काही झालं नव्हतं. भूक लागली होती, इतकंच. तेव्हापासून तिचं नाव पडलं भोंगा. पुढे पोस्टरवर खरं नाव ठसठशीत अक्षरांत झळकलं, तरी आपल्या माणसांच्या तोंडी भोंगाच राहिलं.

आई नाटक कंपनीत कपडे शिवायची. रंगमंचामागच्या खोलीत, शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात भोंगा वाढली. तालमी कानावर पडून पडून सगळ्यांची सगळी गाणी तिला पाठ. एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी राजकन्या होणाऱ्या मुलीला गालगुंड झालं. "माझ्या पोरीला येतं सगळं," आई तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली. राजकन्येचा झगा टाचून टाचून अंगावर चढवला आणि दिलं ढकलून पुढे. पोरगी अशी गायली, अशी गायली, की ऑर्गन वाजवणारे काका वाजवायचंच विसरले!

मग काय विचारता! विशीत ती नायिका झाली. पडदे रंगवणाऱ्याशी लग्न केलं. तो सांगत फिरायचा, "बायकोसाठी रोज महाल बांधतो मी, राहतो मात्र दीड खोलीत." आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटचं तिचं ते निरोपाचं गाणं! ती काळी चारमध्ये गायची, म्हणजे ऑर्गनच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून. तिथून चढत चढत शेवटचा सूर असा लावायची की तेवढ्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. दर प्रयोगाला वन्स मोअर ठरलेला.

पन्नाशीत गळ्याने दगा दिला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बरेच महिने कुजबुजायलासुद्धा बंदी घातली. घरात इतकी शांतता पसरली की नवऱ्याला झोप येईना. परतल्यावर पहिल्याच तालमीत काळी चारमध्ये आवाज फाटला. कंपनीच्या मालकांनी तोंडावर गोड बोलून एका नव्या मुलीला तेच गाणं बसवायला सांगितलं. बाईंचा एक प्रयोग पाहू, मग ठरवू, म्हणाले.

"काळी तीनवर ये भोंगे," काका म्हणाले. "तिथे आवाज छान लागतोय तुझा."

"बाई उतरल्या म्हणतील लोक."

"म्हणू देत. गाणं सोडणार आहेस का?"

ती ढसाढसा रडली आणि कबूल झाली. फक्त कुणाला कळता कामा नये, नवऱ्यालाही नाही. एक पट्टी खाली येण्याची तिला एवढी लाज वाटत होती.

प्रयोगाला थिएटर खच्चून भरलं. मालक पहिल्या रांगेत, शेजारी नवी मुलगी. दुसरा अंक रंगला, निरोपाची वेळ आली. काकांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता, आणि त्या उत्साहात त्यांची बोटं आयुष्यभराच्या सवयीने पडली ती थेट काळी चारवर! सूर ऐकताच तिने झटकन काकांकडे पाहिलं. खाली काकांचा चेहरा पांढराफटक. पण वाद्यं सुरू झाली होती, आता थांबता येत नव्हतं.

ती गायला लागली. कडव्यामागून कडवं चढत गेली. विंगेत नवरा श्वास रोखून उभा. शेवटचा सूर आला. तिने डोळे मिटले आणि लावला! थरथरला, पण तुटला नाही. थिएटर नुसतं उसळलं. मालक उभे राहून टाळ्या पिटत होते. चारी बाजूंनी एकच गलका, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

काकांनी वर तिच्याकडे पाहिलं. तिला मनातून पक्कं कळलं होतं, आज नशिबाने तारलं. आता फाटेल, आता नाही तर उद्या फाटेल, आणि रोज रात्री त्या एका सुराच्या धास्तीत जगावं लागेल. गाणं तिला आवडायचं हो, भीती नव्हती आवडत! ती चालत रंगमंचाच्या कडेपर्यंत आली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, काळी तीन द्या. आता मी तिथे गाते."

मालकांच्या टाळ्या थांबल्या. काकांनी सूर दिला.

या वेळी ती कुठेच चढायला धावली नाही. एकेक शब्द सावकाश, जवळच्या माणसाला सांगावा तसा सांगत गेली. इतकी वर्षं शेवटच्या सुराची वाट पाहत बसणाऱ्या लोकांना त्या दिवशी कळलं, की या गाण्यात कुणीतरी कुणाला सोडून जातंय. नवी मुलगी रडत होती. गाणं संपलं तरी कुणी हलेना. मग अगदी मागून एक आवाज आला, "वन्स मोअर," आणि पाठोपाठ अख्खं थिएटर ओरडू लागलं.