डावीकडचा पाटा

शिवराम मिस्त्री माणसाला आधी वजनाने ओळखायचे. मी पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवायला नुकताच आलो होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी मला आपल्या अर्धवट मोटारीत बसवलं, मागच्या चाकाशी उकिडवं बसून बोटांनी काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "मास्तर, खानावळ बदला."

आंबेनळीच्या घाटात ट्रकांचे पाटे, म्हणजे चाकांवर धक्के झेलणारे पोलादी पानांचे जुडगे, तुटले की दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायचे. त्यातलेच चांगले पाटे आणि भंगारातली एक जीप घेऊन ते दोन माणसांची, बसकी, उघडी मोटार बांधत होते. कारण त्यांची बायको, अनसूयावहिनी. त्यांना यष्टी लागायची, आणि लग्नाला बारा वर्षं होऊनही त्यांनी महाबळेश्वर पाहिलं नव्हतं. पाटा कडक झाला तर हाडं खिळखिळी होणार, मऊ झाला तर गाडी वळणावर झुलणार आणि वहिनींचं पोट पुन्हा ढवळणार. म्हणून दर रविवारी वहिनींना डावीकडे बसवायचं आणि गाडी किती दबते ते मोजायचं, असा त्यांचा नेम. आकडे मी वहीत लिहायचो. "पाटा खोटं बोलत नाय," हे त्यांचं पालुपद.

दोन बोटांवर पाटा जमला. पण दिवाळीनंतर गाडी दबेना. दोन बोटांची दीड झाली, मग सव्वा. मिस्त्री स्वतःवरच चिडले. पोलादाला पाणी देताना आपलाच हात चुकला, असं त्यांनी धरलं. पाटा पुन्हा तापवला, पुन्हा पाणी दिलं. वहिनी हसून म्हणायच्या, "माज्यापायी आनखी किती कोळसा जाळाल?"

एका रविवारी वहिनी उठल्यावर मी त्यांच्या जागी बसलो. गाडी माझ्या वजनाने दिवाळीआधी दबायची तितकीच दबली. पाट्यात काहीच बिघडलं नव्हतं. वहिनींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, तेही तेव्हाच दिसलं. मला कळलं आणि मी गप्प बसलो. त्या माणसाच्या तोंडावर ते सांगायचा मला धीरच झाला नाही.

तिसऱ्या रविवारी सांगितलं. मिस्त्रींनी वहिनींचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी महाडच्या डॉक्टरांनी वहिनींना मुंबईला धाडलं. तिथे उशीर झाला म्हणाले. होळीच्या आधीच वहिनी गेल्या.

उन्हाळ्यात मोटार रस्त्यावर आली. मिस्त्री एकटे बसले की ती उजवीकडे कलायची. डावीकडच्या पाट्याचं एक पान काढू या, असं मी सुचवलं.

"नको मास्तर," ते म्हणाले. "तो तिच्या वजनाचा हाय. चांगली होती तवाच्या."

तशाच कलत्या गाडीने ते आंबेनळी चढून महाबळेश्वरला गेले. मला त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. मी गप्प राहिलो त्या दोन रविवारांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पाटा कडक.'