डाव्या बाजूची मोकळी जागा

सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी कोर्टकामाचा कारकून होतो आणि संध्याकाळी कामगारांच्या फुटबॉल संघाला शिकवीत असे. खेळाचे नियम मला तोंडपाठ होते. खेळता मात्र बेताचेच येत होते. म्हणून मी एकच गोष्ट घटवून घ्यायचे ठरवले : मागच्या चौघांनी एकत्र सरकायचे. त्यांतला एक पडला, तर उरलेल्या तिघांनी सरकून त्याची जागा झाकायची. मागे वळून पाहायचे नाही. मधल्या दोघांतल्या थोरल्याला आम्ही 'मधला' म्हणत असू; आवाज द्यायचा तो फक्त त्याने. बाकीच्यांनी तोंड मिटून ठेवायचे.

अंतर काही राखले जाईना, तेव्हा मी चौघांच्या कमरेला एकच कासरा बांधला.

"औताला जुपलं व्हय आमाला, भाऊसाहेब?" मधला म्हणाला. हा कारखान्यात फिटर, चौघांत वयाने मोठा.

"जुपू दे की," डावा म्हणाला. तो गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकणारा हंगामी कामगार होता. "तू म्होरला बैल. आमी तुझं शेपूट बघत चालतो."

दोन महिन्यांनी कासरा सोडला, तरी ते बांधल्यासारखेच चालत.

मैदानाची परवानगी मी पत्र लिहून मिळवली होती. त्या पत्रातील एका वाक्याचा मला अभिमान होता : "सदर खेळ खेळाडू स्वेच्छेने व कामाच्या वेळेबाहेर खेळत असून, त्याचा कारखान्याच्या कामाशी कोणताही संबंध नाही व त्यापासून कारखान्यावर कोणतीही जबाबदारी येणार नाही." परवानगी त्याच दिवशी आली.

शेजारच्या कारखान्याच्या संघाशी सामना होता. उत्तरार्धात त्यांचा एक धिप्पाड गडी डाव्यावर आदळला आणि डावा कोसळला. मधल्याने आवाज दिला, तिघे सरकले, मोकळी जागा मिटली, चेंडू बाहेर गेला. एकानेही मागे पाहिले नाही. मी रेषेवर उभा राहून टाळ्या वाजवीत होतो. "शाबास! अस्सेच!" असे मी मोठ्याने म्हणालो, हे मला नाकारता येत नाही.

त्यानंतर माझे लक्ष डाव्याकडे गेले. त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि स्वतःचे मनगट त्याने दातांत धरले होते. हाडाचा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये मी त्याला जवळजवळ रागानेच विचारले, "अरे, ओरडला का नाहीस?"

"आवाज करायचा न्हाई म्हनला हुता ना तुमी," तो म्हणाला.

चार दिवसांनी कामगार अधिकाऱ्यांनी कळवले की, हंगामी माणूस पंधरा दिवसांत कामावर हजर न झाल्यास त्याचे नाव कमी होईल. मी कायद्याची पुस्तके घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. मैदान कारखान्याचे, अंगातल्या सदऱ्यावर नाव कारखान्याचे. सबब ही इजा कामावरचीच आहे आणि त्याचे नाव हजेरीपटावर राहिलेच पाहिजे, असे मी चढ्या आवाजात मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कपाटातून एक फाईल काढली आणि माझेच वाक्य मला वाचून दाखवले.

"सही कोणाची?"

"माझी."

"मग?"

वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पत्रांतील फटी शोधत आलो होतो. या पत्रात एकही फट नव्हती.

तेवढ्यात दार उघडून ते तिघे आत आले आणि ओळीत उभे राहिले. दोघादोघांमध्ये तेच अंतर, कासऱ्याचे.

"सायेब, त्याची पाळी आमी भरतो," मधला म्हणाला. "आमची पाळी झाली की आळीपाळीनं गव्हाणीवर जाऊ. हंगाम सरस्तोवर. त्याचं नाव काढू नका."

आणि मी, त्याच्यासाठी भांडायला आलेला मी, सवयीने म्हणालो, "हे नियमात बसत नाही."

मधला माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, जागा मोकळी सोडायची न्हाई. का आता सोडायची?"

मी खाली पाहिले. अधिकाऱ्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "लेखी द्या."

त्यांच्याच टेबलावर मी अर्ज लिहिला. त्यात 'सबब' नव्हते, 'सदर' नव्हते. "आम्ही त्याचे काम करतो. त्याचे नाव ठेवावे." दोघांनी सह्या केल्या, तिसऱ्याने अंगठा उमटवला. हंगाम संपेपर्यंत, आपापली आठ तासांची पाळी उरकून, ते आळीपाळीने मोळ्या टाकीत राहिले. डाव्याचे नाव टिकले. पुढच्या हंगामात तो लंगडत परतला. त्याला फाटकावर राखणीला बसवण्यात आले. फुटबॉल मी पुन्हा शिकवला नाही.

माझे ते पहिले पत्र परत मिळावे म्हणून मी कारखान्याला आजवर अनेकदा लिहिले आहे. दर वेळी उत्तर एकच येते : दप्तरी दाखल झालेला कागद परत देता येत नाही. नियमाने ते बरोबर आहे. हा नियम मला चांगला ठाऊक आहे. तिथे असताना अशी उत्तरे मीच लिहीत असे.