पहिला पाय कुणाचा

फॉर्म भरताना आम्ही सगळे 'एशियन' असतो. एका चौकोनात खूण केली की झालं. पेन खाली ठेवलं की मात्र उतरंड सुरू होते. आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, शनिवारच्या जेवणांना ही उतरंड मी अठरा वर्षं ऐकत आले आहे आणि, खोटं कशाला बोलू, रचतही आले आहे. चिनी हुशार, कोरियन टापटिपीचे, आणि व्हिएतनामी? "फार कष्टाळू हं ते लोक," असं आम्ही म्हणायचो. पुण्यात कामवाल्या मावशींचं कौतुक ज्या सुरात करतात, त्याच सुरात.

नखांच्या दुकानात, म्हणजे नेल सलूनमध्ये, मी पहिल्यांदा गेले ती एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नासाठी. सहा खुर्च्यांचं लहानसं दुकान, मालकीण व्हिएतनामी, साठीच्या जरा अलीकडची. तिने माझा हात हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, वय किती? मला रागच आला. मग कळलं, तिच्या भाषेत समोरच्याचं वय माहीत नसेल तर हाकच मारता येत नाही. मी लहान निघाले, म्हणून मी 'एम' झाले, म्हणजे धाकटी बहीण, आणि ती माझी 'ची' झाली, म्हणजे ताई. आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं तुटक, माझं पुस्तकी.

दुसऱ्या खेपेला तिने ड्रॉवरमधून इन्शुरन्सचं एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "तू शिकलेली. वाच." तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी दुकान रिकामं असताना मी तिची पत्रं वाचून समजावून सांगायचे आणि ती न विचारता माझी नखं घासायला घ्यायची.

त्या मंगळवारांत तिची हकिकत तुकड्यातुकड्याने कळली. पंधराव्या वर्षी मामाबरोबर होडीतून निघाली, मलेशियातल्या छावणीत राहिली, मग इथल्या एका चर्चने बोलावून घेतलं. शाळा अर्धवट राहिली ती राहिलीच. आधी शिवणकाम, मग गोदामात खोकी भरणं, मग नखांचं लायसन्स. मुलगी फार्मसिस्ट झाली. नवरा शेवटच्या खुर्चीपाशी बसून लोकांचे पाय घासतो आणि सहसा कुणाशी बोलत नाही. आम्ही आलो ते डिग्र्या फाइलमध्ये घालून, कंपनीने काढलेल्या तिकिटावर. पाच वर्षांत घर घेतलं. तिचं ऐकताना मला तिची दया यायची, आणि दया आली की स्वतःबद्दल छान वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण होतं ते तसंच होतं.

यंदा संक्रांत झाली आणि दोनच दिवसांनी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल, आणि आठवड्याच्या आत लॅपटॉप परत पाठवण्यासाठी रिकामं खोकं दारात. व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली आणि तिने कागद दाखल केले तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर अठरा वर्षांत लागला नव्हता. मुलगी इथे जन्मलेली, म्हणून ती इथली नागरिक. आम्ही दोघं पाहुणे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नाही. नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गाडी काढायचा आणि लायब्ररीत जाऊन अर्ज करत बसायचा, शेजाऱ्यांना शंका यायला नको म्हणून. मी रथसप्तमीच्या आत ठरल्याप्रमाणे हळदीकुंकू केलं. "काय म्हणतायत गं तुझे अहो?" "मस्त!" मी म्हटलं आणि सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. पाहुण्या गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

विसाव्या दिवशी मंगळवार होता. घरात बसून जीव गुदमरायचा, म्हणून दुकानात गेले. त्या दिवशी ची पत्र घेऊन आली नाही. समोर बसली आणि फार गंभीरपणे म्हणाली, "एम, आमचं नवीन वर्ष येतंय. पहिल्या दिवशी सकाळी माझ्या घरात पहिला पाय तुझा पडू दे."

मग तिने समजावून सांगितलं. नव्या वर्षी उंबऱ्याच्या आत जो पहिला येतो, त्याचं नशीब वर्षभर त्या घराला लागतं. म्हणून माणूस निवडून बोलवायचा. गेल्या वर्षी चुकून तिचा भाऊ आधी आला. त्याचा नुकताच घटस्फोट झालेला. त्या वर्षात दुकानातले पाइप फुटले आणि तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. यंदा मुलीला मूल व्हायचं होतं, त्यामुळे धोका पत्करायचा नव्हता. "मी सगळ्यांचा विचार केला," ती बोटांवर मोजत म्हणाली. "तुझा नवरा इंजिनिअर. मोठं घर. मुलगी हुशार. तुम्ही तिघंही निरोगी. तुझ्यासारखं नशीब माझ्या ओळखीत कुणाचं नाही."

आणि मी हो म्हटलं.

का म्हटलं, याचा मी खूप विचार केला आहे. एक तर वीस दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला भाग्यवान म्हणत होतं आणि ते ऐकायला इतकं गोड वाटलं की नाही म्हणवेना. दुसरं कारण जुनं आहे. माझं लग्न झालं त्याच महिन्यात सासऱ्यांचा कारखाना बंद पडला. कुणी मला टाकून बोललं नाही. फक्त एक चुलत सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "असतो हो एकेकीचा पायगुण." मी शेजारच्याच खोलीत होते. ते वाक्य मी सातासमुद्रापार घेऊन आले. मी सायन्सची पदवीधर, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, असं मी आजही चारचौघांत सांगते. पण चीने 'तुझा पाय' म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला.

घरी येऊन सांगितलं तर नवरा हसला. "जाऊन ये ना. तिला कुठे काय माहितीये?"

"अरे, तिच्या मुलीला बाळ व्हायचंय."

"मग? आपल्या लेऑफचा आणि बाळाचा काय संबंध, यार? तूच म्हणतेस ना, सुपरस्टिशन?"

"मी म्हणते रे. ती म्हणत नाही ना."

मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. पंधरा वर्षांची आहे, आमच्या दोघांपेक्षा तिला कमी शब्द लागतात. "आई, जस्ट टेल हर," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

जस्ट टेल हर! सांगितलं की आमचं बडा घर पोकळ वासा उघडं पडणार, आणि तेही नखांच्या दुकानात. न सांगावं तर गरोदर लेकीच्या घरावर मी जाणूनबुजून माझं नशीब घालणार. दहा दिवस मी यातच घालवले. नवरा अर्ज करत होता, मी रात्रंदिवस माझ्या दोन पायांकडे बघत होते.

नव्या वर्षाला तीन दिवस राहिले तेव्हा दुकानात गेले. काउंटरवर पिवळ्या फुलांच्या फांद्या, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या फोटोंपुढे कलिंगड. गर्दी खूप, सहाही खुर्च्या भरलेल्या. तिने मला बघितलं आणि हातातलं काम संपवून मला बसवलं. माझा हात धरून नख घासायला लागली. हात तिच्या हातात असल्यामुळे उठून पळताही येईना.

"ची," मी म्हटलं, "तू चुकीचं माणूस निवडलंस. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आहे. महिन्याभरात आम्हाला कदाचित देश सोडावा लागेल."

कानस थांबली. तिने मास्क खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मग तू पहिली नको."

इतकं सरळ! "छे गं, असं काही नसतं" वगैरे काही नाही. क्षणभर झोंबलं. मग तिने मास्क वर ओढला, दुसरं बोट धरलं आणि म्हणाली, "तू दुसरी ये. दुसऱ्याला काही नियम नाही. तिघंही या. जेवायला थांबा."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या पायगुणाबद्दल कुणी तोंडावर बोललं नव्हतं. हिने तो खरा मानला, त्याची व्यवस्था लावली आणि तरीही मला घरी बोलावलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला हलकं वाटलं.

मग तिला एक गोष्ट कळेना. "पण देश का सोडायचा? तुमचं घर आहे."

मी व्हिसा समजावला.

"अठरा वर्षं? आणि कागद नाही?"

"नाही."

"मी आले तेव्हा माझ्या पायात चप्पल नव्हती," ती म्हणाली. "पण कागद लगेच मिळाला. नंतर नागरिक. मला कोण जा म्हणणार?" आणि ती मागे वळून मोठ्यांदा तिच्या भाषेत काहीतरी बोलली. सगळ्या खुर्च्यांपाशी बसलेल्या त्या कष्टाळू लोकांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर नुसती कणव. तिचा न बोलणारा नवराही उठून आला आणि केळीच्या पानात बांधलेला, बिनमांसाचा एक चिकट भाताचा लांबुडका मुटका माझ्या पिशवीत घालून गेला. उतरंडीतलं वरचं मडकं खाली आलं होतं, आणि मला हसू येत होतं.

एकदा मूठ उघडली तशी उघडीच राहिली. त्याच संध्याकाळी मी आमच्या मराठी ग्रुपवर लिहिलं: ह्यांचा जॉब गेलाय, एवढे दिवस उरलेत, कुठे काही असेल तर सांगा. पाच मिनिटांत दोन फोन आले, आणि दोन्ही आमच्यासारख्याच नोकरी गेलेल्या घरांतून. घरोघरी मातीच्या चुली! हळदीकुंकवाला आम्ही तिघीही एकमेकींना 'मस्त' म्हणालो होतो. तिसरा फोन मंडळाच्या एका रिटायर्ड काकांचा. "आधी नाही का सांगायचं, वेडे? रेझ्युमे पाठव त्याचा, माझ्या जुन्या टीममध्ये रेफर करतो."

नव्या वर्षाच्या सकाळी आम्ही चीच्या घरी निघालो. पहिला मान तिच्या शेजारच्या आजोबांना मिळाला होता: सत्तरीचे, बायको हयात, तीन मुलं, दात सगळे स्वतःचे. आम्ही मराठी माणसं कधी नव्हे ती वेळेच्या आधी पोचलो. आजोबांचा पत्ता नव्हता. मग काय, तिच्या घरासमोर हीटर लावून तिघंही गाडीत बसून राहिलो.

"म्हणजे आपण अपशकुनी म्हणून बाहेर बसलोय का?" नवऱ्याने विचारलं.

"अपशकुनी कशाला? दुसरा नंबर," मी म्हटलं.

"आय हॅव नेव्हर बीन सो हॅपी टू बी सेकंड," मुलगी मागून म्हणाली, आणि आम्ही तिघं काचा धुकट होईपर्यंत हसलो. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच. वीस मिनिटांनी आजोबा बर्फातून काठी टेकत आले, आत गेले, आणि आम्ही त्यांच्या मागे.

काकांच्या जुन्या टीमने तीन इंटरव्ह्यू घेतले. एक्कावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीच्या वकिलाचा मेल आला, कागद दाखल झाले, पावती मिळाली. मी पावती तीनदा वाचली आणि मगच जिवात जीव आला. नवरा त्या दिवशी दुपारी तीन वाजता झोपला तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उठला.

पाडवा आठवड्यावर आला होता. मी चीला फोन केला. आमच्यात अशी काही पद्धत नाही, ती मी त्या मिनिटाला काढली. म्हटलं, "आमचंही नवीन वर्ष येतंय. माझ्या घरात पहिला पाय तुझा पडू दे."

"माझा? माझी शाळा झालेली नाही. हात दुखतात."

"तुला जा कोण म्हणणार?" मी तिचंच वाक्य तिला परत दिलं.

मग ती म्हणाली, "किती वाजता?"

बरोबर आठला ती आली, लाल जॅकेट घालून, हातात कलिंगड. तिच्या आधी त्याचा पाय पडू नये म्हणून आपल्या नवऱ्याला तिने गाडीतच बसवून ठेवलं होतं. त्याने काचेतून आम्हाला हात केला. तिने बूट काढले, गुढीकडे मान वर करून नीट बघितलं आणि उंबऱ्याशी थबकून विचारलं, "कुठला पाय?" "उजवा," मी म्हटलं. तिने उजवा पाय आत टाकला.

श्रीखंड तिला फार गोड लागलं, पण संपवलं. मी पावती दाखवली. तिने चष्मा लावून ती उलटसुलट बघितली, एकही ओळ वाचली नसावी, आणि घडी घालून मला परत दिली. तिच्या लेकीचं सगळं ठीक होतं, होणारं बाळ मुलगा आहे म्हणाली.

निघताना दारात बूट घालता घालता ती म्हणाली, "एम, पुढच्या वर्षी पहिली तू. आणि समोर गाडीत बसून राहू नकोस. मी खिडकीतून बघत होते."