घानाच्या नावाचा शिरा

आफ्रिकेत एखादा देश स्वतंत्र झाला, की त्याची झळ सगळ्यांत आधी बाभुळगावातल्या आमच्या चुलीला बसत असे. माझे चुलतसासरे, ज्यांना घरातले आम्ही सगळे काकाजी म्हणायचो, संध्याकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओ बंद करायचे, ओसरीवरून स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि जवळच्या नात्यातलं कुणी बाळंत झाल्यासारख्या गंभीर आनंदानं सांगायचे, "शिरा करा. आपला एक भाऊ सुटला." मी छप्पन साली लग्न होऊन या घरात आले. त्याच पावसाळ्यात इजिप्तनं सुएझचा कालवा आपल्या ताब्यात घेतला आणि काकाजींनी गल्लीभर रेवड्या वाटल्या. त्या नव्या सुनेच्या कौतुकाच्या असाव्यात असं समजून मी दिवसभर लाजत होते. पुढच्या वर्षी घाना सुटला आणि शिऱ्याची प्रथा पडली. साठ सालात मात्र देशांनी सुटायचा सपाटाच लावला. एक शिरा पचतो न पचतो तोच दुसऱ्याची बातमी. साखर संपली, गुळावर आलो, रव्याची जागा जाड्या कणकेनं घेतली. शेवटी काकी, म्हणजे काकाजींच्या मंडळी, पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणून त्यांनी यापुढे सुटणाऱ्या देशांची सोय भाकरीवर होईल, असं जाहीर केलं.

काकाजींची कापसाची शेती होती आणि जगाचं सारं अर्थशास्त्र त्यांनी त्या कापसातूनच उकललं होतं. गोऱ्या देशांनी आपला कापूस स्वस्तात न्यायचा आणि त्याचंच कापड करून महागात आपल्या गळ्यात मारायचं, हे सगळ्या गरीब देशांचं दुखणं आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून सांगत. कापसाची गाडी सरकी काढायच्या जिनिंगकडे निघाली की ते तिच्याकडे पाठ करून उभे राहत. कापूस काही त्यांना थांबवता येत नव्हता. पण बाकीचा कच्चा माल या घराबाहेर जाणार नाही, असा त्यांनी नियम केला. लिंबं विकायची नाहीत, लोणचं द्यायचं. तूर विकायची नाही, डाळ करायची. चिंचेचा व्यापारी दारात आला तर त्याला चहा पाजून, दोन तास जगाची स्थिती समजावून, रिकाम्या पोत्यानिशी परत पाठवायचं. तत्त्व फार उदात्त होतं. फक्त चिंचा फोडून फोडून आमच्या बोटांची सालं निघत, हे त्या तत्त्वाच्या हिशेबात कुठं बसत नव्हतं. स्वतः काकाजींनीही टकळी हाती घेतली आणि दोन हिवाळे सूत काढून एक पंचा विणून आणला. त्यानं अंग पुसलं की माणूस कापसाच्या बोंडासारखा दिसायचा. तोच पंचा खांद्यावर टाकून ते लग्नाकार्याला जायचे आणि कुणी हसलं तर तेही हसायचे.

परराष्ट्र धोरण त्यांनी घरातच चालवलं होतं. माझ्या सासूबाई आणि काकी यांच्या चुली वेगळ्या झालेल्या, मधे एक अंगण, आणि त्या अंगणात कायमचं शीतयुद्ध. काकाजी अलिप्त. कुणाच्याही गटात जायचं नाही आणि मैत्री दोघींशी ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते वांग्याची भाजी इकडे खात आणि कढी तिकडे पीत. दोन्हीकडच्या तक्रारींना सारखीच मान हलवत. आमच्या घरात सगळ्यांत पोटभर जेवणारा माणूस तोच होता. पुढे रेशनवर अमेरिकेनं मदत म्हणून धाडलेली तांबडी ज्वारी आली. फुकटाच्या दाण्यानं माणूस मिंधा होतो म्हणून त्यांनी ती खाल्ली नाही, तेवढाच काय तो त्यांच्या जेवणातला खाडा.

या अलिप्ततेची खरी परीक्षा त्यांच्या मुलीनं घेतली. शकू माझी धाकटी नणंद. मॅट्रिक झाली आणि तिनं यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं मनात घेतलं. तिकडे काकींनी उमरखेडचं स्थळ आणलं होतं. मुलाचं दुकान, घर चांगलं, पसंती झालेली. येत्या गुरुवारी सुपारी फोडायची होती. एकदा सुपारी फुटली की शकूचं शिक्षण संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. ती माझ्याजवळ येऊन रडली. मी धीर करून काकाजींना सांगितलं, तर ते म्हणाले की हा मायलेकींचा प्रश्न आहे आणि आपण दोन्ही बाजूंचे मित्र आहोत. मला त्यांचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

बुधवारी सकाळी शकूनं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"बाबा, ते तिकडचे देश आपल्या मनानं चालाले लागले का तुम्ही शिरा कराले लावता. मी यवतमाळले शिकाले जातो म्हनतो, तं मले उमरखेड दाखोता. काहून?"

काकाजींनी चहा घेतला नाही. कप बाजूला सरकवला. मग उठले, तो पंचा खांद्यावर टाकला आणि मिळेल त्या एसटीनं उमरखेडला गेले. तिथं त्यांनी नकार कसा दिला ते आम्हाला नंतर कळलं. नकाराची प्रस्तावना म्हणून त्यांनी आशिया-आफ्रिकेपासून सुरुवात केली आणि जेवणाची वेळ झाली तरी ते अजून कांगोतच होते. शेवटी मुलाच्या वडिलांनीच हात जोडले. मुलगी पसंत आहे, पण व्याही झेपणार नाही, म्हणाले. काकाजी परत आले ते एवढे खुशीत, की काकींचा आठ दिवसांचा अबोला त्यांना जाणवलासुद्धा नाही.

जूनमध्ये शकू निघाली. एक ट्रंक, एक वळकटी. स्टँडवर काकाजी ड्रायव्हरला गाडी सावकाश ने म्हणून सांगत होते, कंडक्टरला मुलगी पहिल्यांदाच चालली म्हणून सांगत होते, आणि शकूला काहीच सांगत नव्हते. गाडी सुटली. घरी येऊन ते ओसरीवर बसले. बातम्यांची वेळ टळून गेली. काकी आतून आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं.

"लगन करून गेली असती तं चार लोकांत रडलो असतो," काकाजी म्हणाले. "लोकायनं पानी देल्लं असतं. आता शिकाले गेली. आता कायच्या नावानं रडू?"

 आठ दिवसांचा अबोला सुटला तरी काकींनी एवढे दिवस या माणसाशी धड शब्द काढला नव्हता.

"आत चाला," त्या म्हणाल्या. "रडा. मी दार लोटून घेतो."

काकींनी दार लोटलं आणि त्या काकाजींजवळच बसल्या असाव्यात, कारण थोड्या वेळानं दोघांचाही आवाज यायला लागला. मी अंगणात उभी होते. सासूबाई त्यांच्या चुलीजवळून उठल्या, पाण्याचा तांब्या भरला, मधलं अंगण ओलांडलं आणि त्या बंद दाराशी तो हळूच ठेवून आल्या.