आर्डेलच्या हातच्या गोळ्या

बंदुकीच्या गोळ्या विकत आणणाऱ्याला आर्डेल टटल आळशी म्हणायचा. त्याचा जन्म टायरच्या दुकानात गेला. चाकं बॅलन्स करायची जुनी शिशाची वजनं तो घरी आणायचा आणि गॅरेजमध्ये वितळवून साच्यात ओतायचा. आमच्या आयडाहोतल्या नेमबाजीच्या क्लबात निम्मे लोक त्याच्या गोळ्या फुकट उडवत, मीही त्यातलाच.

त्याची बायको व्हर्ना आम्हा सगळ्यांपेक्षा सरस नेमबाज. संधिवातानं तिची मनगटं धरली, तेव्हा आर्डेलनं तिच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीला टोकाशी वरून भोकं पाडून आणली. बार उडाला की त्यातून धूर वर निघतो, नळी उसळत नाही, हाताला झटका कमी बसतो.

"यातून नुसतं शिसं मारू देऊ नकोस," मी म्हणालो. "भोकांच्या कडेला तासलं जातं, कण उडतात. तांब्याचं वेष्टण असलेल्या गोळ्या आण."

"दुकानातल्या? माझ्या बायकोला? काहीतरीच काय, ड्वेन!"

मे महिन्यातल्या शनिवारी तो नेहमीसारखा तिच्या खांद्याशी उभा होता. नेम कुठे लागला ते दिसावं म्हणून त्यानं डोळ्यांच्या बचावाचा धुरकट चष्मा कपाळावर सरकवला. गोळी सुटली आणि तो डोळा दाबून माझ्याकडे आला. कानांवर आवाज रोखणारी झाकणं लावून पुढचा नेम धरणाऱ्या व्हर्नाला पत्ताच नाही.

"मी डॉक्टरकडे जातो. तू तिला उशिरा घरी सोड. मी शिसं तापवायला पुढे गेलो म्हण," तो दात आवळून म्हणाला. "खरं कळलं तर ती रिव्हॉल्व्हरला पुन्हा हात लावायची नाही."

डोळा गेला. भांड्यातलं शिसं उडालं, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं भांडं आणि साचे कुलूपबंद केले. तो चकार शब्द बोलला नाही. मीही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

जुलैत व्हर्नानं क्लबात गोळ्यांचा डबा उघडला आणि रिव्हॉल्व्हर भरलं. "शेवटच्या पन्नास, तुझ्या हातच्या. ये, म्हाताऱ्या, कुठे लागतेय सांग. एका डोळ्यानं दिसतंय ना?"

आर्डेल मुकाट्यानं तिच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. "व्हर्ना, ठेव ते खाली!"

"का रे?"

मी नळीच्या भोकांकडे बोट दाखवलं. तिनं तिथून अंगठा फिरवला, अंगठ्याला करडं शिसं लागलं. मग तिनं आर्डेलच्या डोळ्याकडे पाहिलं. आर्डेल जमिनीकडे बघत राहिला.

तिनं रिव्हॉल्व्हरमधली एकेक गोळी काढून बाकावर ठेवली.

"भांडं काढून देते तुझं," ती म्हणाली. "मला आता गोळ्या लागणार नाहीत."